नायक गेले, पण कुठं?

हसा, हसून घ्या, तुमचं काय जाते! पण तुम्हाले सांगतो, जित्याजागत्या माणसाची शोकसभा घेणं सोपं काम नाही भाऊ... फोटो शोधा, हार करा, अगरबत्ती लावा, पोट्ट्याईले रांगेत बसवा, अन् हे सारं झाल्यावर तो माणूस पांढरकवड्यात खाटेवर बसून केळं खाऊन राह्यला असं समजलं, त मंग तोंड कुठं लपवा? वरून लोक मले म्हणते, "मास्तर, तुमी त शिकलेले माणसं!" शिकलो न! बी.ए. शिकलो, डी.एड. शिकलो, टीईटी दोनदा देली... फक्त एक शब्द विचाराले नाही शिकलो. कुठं? बस. कुठं गेले, एवढं विचाराले काय जात होतं मायं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी संघर्ष. नाव बापानं मोठ्या हौसेनं ठेवलं, पण मले आजपर्यंत अर्ध्या दिवसाची रजा बी भांडून घेता नाही आली. मायी शाळा बंजाऱ्याईच्या तांड्यावरची, पांढरकवड्याच्या अलीकडं, पहिली ते चौथी, पोट्टे एकतीस, मास्तर दोन. एक मुख्याध्यापक देवराव सर अन् एक मी. त्या शुक्रवारी देवराव सर पांढरकवड्याले ट्रेनिंगले, अन् नेमकं त्याच दिवशी एक वाजता मले घाटंजीले पोरगी पाहाले जायाचं होतं. वय छत्तीस हो मायं! दहा पाहून झाल्या, ही अकरावी पोरगी! सरले म्हटलं, सर, अर्धा दिवस द्या. त सर नाकातून बोलते, "संघर्ष सर, दोन मास्तरची शाळा. एक ट्रेनिंगले, दुसरा पोरगी पाहाले, मंग शाळा काय बिजलीबाई चालवन?"

बिजलीबाई म्हणजे आमची खिचडी शिजवणारी. अन् साऱ्या रामायणाची सुरुवात तिच्यापासूनच. सकाळी साडेदहाले आली वर्गाच्या दारात, डोळ्यातून धारा, नाकाले पदर, म्हणते, "सर... नायक गेले." अन् वळली, गेली शेडमंदी. मागून कळलं का तिनं "सकाळच्या जीपनं" असं बी म्हटलं होतं, पण ते पाठ फिरवल्यावर म्हटलं, अन् गॅसची शेगडी भर्रर्र करून राह्यली होती. मंग डोळ्यातलं पाणी कायचं? कांदे हो! एकतीस पोट्ट्याईच्या खिचडीचे कांदे! आता बाई रडून राह्यली अन् म्हणते गेले... तुम्ही काय समजले असते?

अन् नायक कोण, हे त सांगतलंच नाही. शंकरसिंग नायक, तांड्याचे मुखिया. ऐंशीच्या वर वय, पांढरा फेटा, हातात काठी. शाळेची जागा त्याहीनंच दान देली, चाळीस वर्षं झाली. आता दान देल्यावर माणसानं घरी बसाव का नाही? नाही! रोज दहा वाजता फाटकाजवळच्या लिंबाखाली खाट टाकून हजर. दहाची एसटी गेली का मनातल्या मनात मोजत बसते. मी गाडी लावतो न लावतो त, "मास्तर, अकरा मिन्टं." जय सेवालाल नाही, रामराम नाही, अकरा मिन्टं! मी आत पाढे घेऊन राह्यलो त बाहेरून आवाज, "मास्तर, सतराचा पाढा चुकला." अरे, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पिकले, समोरची म्हैस दिसत नाही, अन् माया पाढा बरोबर आयकू येते! पोट्ट्याईसमोर हो! कितीकदा मनात म्हटलं का हा म्हातारा... जाऊ द्या. काय म्हटलं ते नाही सांगत.

त म्या खिडकीतून पाह्यलं. लिंबाखाली खाट नाही. काळजात धस्स झालं... खरंच झालं, आईची आण. पण ते धस्स किती वेळ टिकलं, हे विचारा न! नजर गेली घड्याळावर. नायक गेले, म्हणजे शाळेले जागा देणारे गेले, म्हणजे शोकसभा, म्हणजे सुट्टी, म्हणजे घाटंजी! तुम्हाले खोटं कायले सांगू, मले बरं वाटलं. एक म्हातारा माणूस मेला अन् मले बरं वाटलं! कापूस वेचाईचे दिवस, तांडा सारा वावरात, कुठं रडण्याचा आवाज नाही, हे बी दिसून राह्यलं होतं मले. पण बरं वाटल्यावर माणूस विचारते का? विचारलं असतं अन् ती म्हटली असती पांढरकवड्याले, मंग? मी विचाराले विसरलो नाही भाऊ. म्या विचारलंच नाही. कुठं गेले, एवढं विचाराले काय जात होतं? घाटंजी जात होती, दुसरं काय!

मंग काय, घेतली शोकसभा. फोटो पायजे. फोटो कुठून आणू? मोबाईलमंदी पंधरा ऑगस्टचा होता, नायक झेंड्याकडं तोंड करून उभे. मोबाईलच ठेवला खडूच्या डब्याले टेकवून, त्याले घातला झेंडूचा हार. आता मोबाईल त मोबाईल, दर अर्ध्या मिनिटाले नायक विझे! मी बोट लावे, नायक उजळे. पुन्हा विझे. अन् दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळून राह्यलो त वाजला न फोन! नायकाच्या फेट्यावर अक्षरं आली, 'घाटंजीवाले मामा', पोरगी दाखवणारे. एकतीस पोट्टे अन् मी, माना खाली घालून, पूर्ण रिंग आयकली आम्ही.

मंग भाषणं. दुसरीतला शाम उठला, हात बांधून म्हणते, "नायक आजा महान होते. त्यांनी इंग्रजांना पळवून लावले." बस खाली. त्याले एकच भाषण येते, तो कोणासाठी बी तेच करते. पण चौथीतली बबिता उठली. ती भांडखोर, नायकाचं अन् तिचं रोज वाजे. पाच मिनिटं पायाचा अंगठा जमिनीत खुपसत उभी राह्यली अन् म्हणते, "आजा मले रोज रागावे. पण मायी चप्पल तुटली तवा त्याहीनं तारेनं शिवून देली. दिसत नाही न त्याहीले, त तार बोटात घुसली. रक्त निघालं. मले म्हणे, कोणाले सांगू नोको. ते मेले हे काही बरं नाही झालं."  अन् मंग मी उठलो... मी काय बोललो सांगू? "नायक मला पित्यासमान होते!" अन् आले हो डोळ्यात... खरे आसू! नाटक करतानी माणसाले खरे आसू कसे येते, हे मले अजून नाही समजलं.

तोच पंधरा ऑगस्टचा फोटो केंद्रातल्या मास्तराईच्या ग्रुपवर टाकला, 'भावपूर्ण श्रद्धांजली', धडाधड जोडलेले चाळीस हात आले. पोट्ट्याईले म्हटलं, आज सुट्टी, खिचडी खाले एक वाजता या. अन् मारली गाडीले किक. पोट्टे सुटले. आता सुट्टी भेटलेले पोट्टे कुठं जाईन? घरी? खेळाले? नायकाच्या घरी मयत पाहाले, दुसरं कुठं!

इकडं मी घाटंजीत. हातात पोह्याची प्लेट. पोरीचा बाप म्हणते, "सर, आज शाळा नाही काय?" म्या चेहरा पाडला, "आमच्या शाळेचे आधारस्तंभ गेले." साऱ्या घरानं चकचक केलं. मले वाटलं, छाप पडली! तेवढ्यात देवराव सरचा फोन. अन् आवाज त त्याहीचा असा, का समोरच्या खुर्चीतल्यालेही आयकू जाव, "संघर्ष सर, कोण मेलं हो? नायक सकाळी मायासंगं जीपमंदी होते, डोळ्याच्या शिबिरात म्या सोडलं त्याहीले! तुमचा मेसेज पाहून हार घेऊन धावत गेलो तिथं, त लेकीजवळ बसून केळं खाऊन राह्यले!"  पोरगी, निकिता नाव, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणते, "मंग आधारस्तंभ उभे राह्यले म्हणा न पुन्हा!" अन् अशी हसली, अशी हसली, ट्रेमंदी चहा सांडला. चांगली होती हो पोरगी... जाऊ द्या. पण फोनमंदी सर पुढं हळू आवाजात म्हणे, "लालीबाईले कोणी सांगतलं नाही न? पाहा बरं."

लालीबाई म्हणजे नायकाची बायको. अन् तवा मले पोट्टे आठवले. प्लेट तशीच ठेवली. बिजलीबाईले फोन लावला, नायक जिते हाय, पळा, सांगा म्हातारीले... त ती बाई फोनवर रडते, अन् यावेळी कांदे नव्हते. म्हणे, "सर, मी केव्हाची सांगून राह्यली तिले, का नायक आपरेशनले गेले. त म्हातारी म्हणते, मंग आपरेशनमंदी गेले असन. मास्तरले फोन आला असन. मास्तर खोटं कायले बोलन?"

मास्तर खोटं कायले बोलन. घाटंजी ते तांडा, गाडी कशी चालवली मले ठाऊक नाही, कानात तेवढंच.

पोचलो त म्हातारी दारात बसलेली. नायकाचं अन् तिचं फोनवर बोलणं झालं होतं, सारं कळलं होतं तिले. समोर परात. परातीत तिच्या हातातल्या बांगड्या. काढून ठेवल्या होत्या, फोडल्या नव्हत्या, फोडाले नणंद वावरातून याची होती. त्या एकेक करून ती पुन्हा हातात चढवून राह्यली होती. ऐंशीले टेकलेले हात, सुजलेली बोटं, बांगडी लवकर चढत नव्हती. मी समोर उभा. म्हटलं आता शिव्या देईन, काठी घालन, घालू दे. त ती म्हणते, "सर, सकाळी जातानी म्या त्याले लय बोलली. फेटा धुवाले नाही टाकला म्हणून. घंटाभर मले तेवढंच आठवून राह्यलं होतं." अन् म्हणते, "उन्हातून आले. पाणी पेता?" तुम्हाले सांगतो, पाणी पेलो मी. नाही म्हणाची हिंमत नव्हती. कुठं गेले... एवढं विचाराले काय जात होतं मायं!

पाचव्या दिवशी नायक आले. काळा चष्मा, हातात काठी. सरळ वर्गात. मी खुर्ची देली, हात जोडले, "नायक, चुकलो..." त हात वर केला, "मास्तर, शोकसभा घेतली म्हणते मायी?" "हो." "किती मिन्टं उभे राह्यले?" "दोन." "दोनच?" अन् बसले. "बोला म्हणा पोट्ट्याईले. मले आयकाचं हाय. मेल्यावर कोणाले आयकू येते?"

शाम उठला, पुन्हा इंग्रजाईले पळवून लावलं. नायक म्हणे, "हे मले माहीत नव्हतं." मंग बबिता. तिनं तेच सांगतलं, चप्पल, तार, रक्त. अन् शेवटी आली "ते मेले हे काही बरं..." वर, अडकली, समोर पाह्यलं, अन् म्हणते, "नाही मेले हे बरं झालं." नायकानं काळ्या चष्म्याखाली बोट घातलं. देवराव सर मागून, "नायक, रडू नोका, डोळ्याचं आपरेशन झालं!" त म्हणते, "डॉक्टर काय सांगन मले!" अन् मंग, "आता मास्तरचं."

उठलो. "नायक मला पित्या..." अन् थांबलो भाऊ. समोर बसलेल्या माणसाले तोंडावर कसं खोटं बोलाव? सांगून टाकलं सारं. म्हटलं, नायक, तुमी गेले असं आयकलं त मले बरं वाटलं. घाटंजीले पोरगी पाहाची होती, रजा नव्हती. बिजलीबाईले एक शब्द मुद्दाम नाही विचारला म्या. एकतीस पोट्टे, देवराव सर, दारात बिजलीबाई... साऱ्याईसमोर सांगतलं.  नायकानं काठी आपटली अन् म्हणे, "जमलं काय मंग?" म्हटलं, नाही जमलं. "काहून?" म्हटलं, पोरगी हसली. "हसली? हसली म्हणजे पोरगी चांगली हाय बे, तुले समजलं नाही!" अन् लागले न हसाले! पोट्टे हसले, देवराव सर हसले, बिजलीबाई त खाली बसली हसून हसून. सुटलो म्हटलं. नायकानं माफ केलं, एका मिनिटात माफ केलं.

पण लालीबाई? ती नाही हसली. ती नायकाले घरी न्याले आली होती, फाटकात उभी होती, तिनं सारं आयकलं. मले बरं वाटलं हे बी आयकलं. नायकाचा हात धरला अन् गेली. शिव्या द्याव न माणसानं? दोन झापडा माराव, मोकळं कराव? नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी शाळेत येते अन् मायासमोर पितळेचा गिलास ठेवते, ताकाचा. वर कोथिंबीर, जिरं, सारं बरोबर. म्हणते, "घ्या सर," अन् संपवेपर्यंत समोर उभी राहते. तीन महिने झाले हो! लोक म्हणते, ताक पेलं का काही बी पचते. पचत असन... मले तेवढं ताकच पचत नाही.