शिवतोय

शिंपी : पुन्हा सांग. ‘कोट शिवतोय’ कसं म्हणायचं?

लेक : आय अ‍ॅम स्टिचिंग द कोट. पण बाबा, तुम्ही तर चहा पिताय.

शिंपी : मग?

लेक : हा काळ आत्ता, या क्षणी चाललेल्या कामासाठी असतो. कापड कुठंय?

शिंपी : कपाटात.

लेक : बेतलंय?

शिंपी : मनात बेतलंय.

लेक : परवा लग्न आहे त्या गिऱ्हाइकाचं. आत्ता येईल तो कोट बघायला. परदेशी माणूस, आपली भाषा कळत नाही त्याला.

शिंपी : म्हणून तर तुला दुकानात बसवलंय. जरा सैल काळ नाही का एखादा?

लेक : आय वॉज स्टिचिंग. शिवत होतो. पण मग मध्येच काहीतरी व्हावं लागतं. शिवत होतो, तेवढ्यात दिवे गेले.

शिंपी : दिवे घालवता येतील.

लेक : आय हॅव बीन स्टिचिंग. केव्हाचा शिवतोय, अजून शिवतोच आहे.

शिंपी : हा नको. ऐकूनच पाठ दुखली.

लेक : आय अ‍ॅम स्टिचिंग इट टुमॉरो. उद्याचं ठरलेलं कामही याच काळात सांगतात.

शिंपी : म्हणजे शिंपी त्यांच्याकडेही आहेत.

लेक : बाबा, खरं सांगा. तुम्ही असं काम कधी रखडवत नाही.

शिंपी : माप द्यायला आला तेव्हा तूच सांगितलंस ना, त्याच्या आईनं जाण्याआधी घेऊन ठेवलेलं कापड आहे म्हणून? एकच तुकडा. रोज काढतो, टेबलावर पसरतो, पुन्हा घडी करून ठेवतो. कात्री चुकली तर दुसरं कुठून आणू?

(दार वाजतं. नवरदेव आत येतो.)

नवरदेव : हॅलो. माय कोट?

शिंपी : आय वॉज... आय विल... नो स्टिचिंग. आय अ‍ॅम फिअरिंग.

लेक : बाबा, इंग्रजीत भीती अशी चालू ठेवत नाहीत.

शिंपी : माझी चालू आहे.

नवरदेव : फिअरिंग? मी टू. आय अ‍ॅम ऑल्सो फिअरिंग. व्हेरी मच मॅरेज.

शिंपी : काय म्हणतोय?

लेक : लग्नाची त्यालाही धास्ती वाटतेय म्हणे. तुमच्याहून जास्त.

शिंपी : इंग्रजी बरोबर आहे त्याचं?

लेक : तुमच्याइतकंच.

शिंपी : भला माणूस आहे. बसव त्याला. कापड काढ, आणि ती मोठी कात्री दे. आय अ‍ॅम कटिंग.

लेक : हे बरोबर आहे.

शिंपी : त्याला म्हणावं, ते टोक धर घट्ट. माझा हात थरथरतोय.

लेक : त्याचाही थरथरतोय, बाबा.

शिंपी : मग तू धर.