पत्ती मोडलेले पॅड

माझं माहेर देगलूरकडचं, जुन्या निजामाच्या राज्यातलं, म्हणून उर्दू आमच्या कानावर पहिल्यापासूनच, हैदराबादला आले तेव्हा ती काही शिकावी लागली नाही, तेलुगू तेवढी शिकले, तीही गिऱ्हाइकांशी भांडून भांडून. शाळा दुसरीपर्यंत. वाचायला नंतर शिकले, सामानाच्या खोक्यावरची अक्षरं जुळवत. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची आणि भास्कर, माझा भाऊ, दीड वर्षाचा, तर त्याला मीच वाढवला म्हणा ना, कडेवर घेऊन चार घरी दूध मागायचं, भात कालवून भरवायचा. आणि मी डावरी. भरवतानासुद्धा डावाच हात पुढं यायचा, मग आजी चमच्यानं मारायची, म्हणायची लेकराला डाव्या हातानं घालतेस, त्याचं वाटोळं करशील. काय सांगू तुम्हाला, म्हातारीच्या तोंडून काय निघून गेलं.

लग्न होऊन मी निघाले तेव्हा भास्कर सात वर्षांचा. बसच्या मागं मागं पळत आलता, अनवाणी, दोन्ही पाय धुळीनं माखलेले, अजून दिसतात मला ते पाय.

अंबरपेठेत आमच्या मालकांचं पत्र्याचं शेड होतं, गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करायचं. जुन्या गाड्यांना ड्रम असायचा, त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यावर लायनर, म्हणजे घासून झिजणारा पट्टा, रिबेट मारून बसवायचं, ते काम माझ्याकडं. लेकरूबाळ झालं नाही आम्हाला, मग घरात बसून करणार काय, म्हणून बसले हातोडी घेऊन आणि शिकले. गाडी वळणावर आली की मला घरातून ऐकू यायचं, हिचं लायनर संपलंय, हिचं महिनाभर चालेल. गिऱ्हाईक हसायचे, म्हणायचे उस्ताद, तुम्ही बाजूला व्हा, भाबीला विचारू द्या.

ते मालकांना खपायचं नाही. एकदा एका मुसलमान ड्रायव्हरनं मला विचारलं, भाबी, जाऊ का ऐसाच निजामाबादला, आणि मी म्हणलं नक्को भाई, लायनर उडालंय. मालक आधी त्याला चल जा म्हणून बसले होते. तो माणूस हसत म्हणाला, क्या उस्ताद, घर में दो उस्ताद. तो गेल्यावर यांनी माझं मनगट धरलं आणि नुकत्याच आलेल्या गाडीचा ड्रम होता, तापलेला, त्यावर माझा तळवा टेकवला. ओरडले नाही, शांतपणे टेकवला, आणि म्हणाले, मी बोललो की तू बोलायचं नाही. हा बघा डाग. डाव्या हाताचा, कारण यांना माहीत होतं काम कुठल्या हातानं करते ते. दुसऱ्या दिवशी त्याच हातात हातोडी दिली.

मग तो जमाना आला, नव्या नव्या गाड्या निघायला लागल्या, घरोघरी केबल, टीव्हीवर रोज एका गाडीची जाहिरात, जे लोक रिक्षा ओढायचे ते पिकप घ्यायच्या गोष्टी बोलायला लागले. या नव्या पिकपला पुढच्या चाकात ड्रम नाही, उघडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड. त्या पॅडला कंपनीनं एक छोटीशी लोखंडाची पत्ती लावलेली असते. पॅड झिजत आला की ती पत्ती थाळीला घासते आणि गाडी किंचाळायला लागते, म्हणजे बाबा, आता बदल मला. आता हे आम्हाला कुणी सांगितलं? आम्ही ड्रमवाले लोक, आमच्याकडं गाडी ओरडली म्हणजे मिस्त्रीनं काम वाईट केलं. गिऱ्हाईक येऊन शिव्या द्यायचे, कायकू रोता ये. मग मालकांनी तोड काढली, ती पत्तीच मोडून टाकायची. मला बसवलं त्या कामावर. पकडीत पत्ती धरायची, पिळायची, कट्‌. गावभर नाव झालं, अंबरपेठेच्या उस्तादच्या हातची गाडी रडत नाही. त्या पत्तीचं खरं काम काय ते पुढं एका सामानवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं, पण नाव झालं होतं ना, आता नाव कोण सोडतो.

तुम्ही विचारलंत पॅड किती दिवस जातात. ताई, ते गाडीला नाही, पायाला विचारायचं. बेगम बाजारच्या गल्ल्यांत पोती भरून फिरणारी पिकप असेल, दर दहा पावलांना थांबणारी, तर वीस हजार किलोमीटर म्हणजे फार झालं. मोकळ्या रस्त्याची दुप्पट जाईल. ज्याचा पाय सारखा ब्रेकवर त्याचे वर्षात संपतात, ज्याला पुढचं दिसतं त्याचे दोन-तीन वर्षं.

मालकांनी स्वतः एक पिकप घेतली होती, तीन वर्षं दामटली, मग त्यांना नवं मॉडेल पाहिजे झालं. भास्कर तेव्हा गावाहून आलता, लग्न झालेला, मलकपेठेत खोली करून राहिलेला, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये येऊन माझ्याजवळ बसायचा, मी पत्त्या मोडायची ते बघायचा, हसायचा, अक्का, सगळं जग उजवीकडं पिळतं, तू डावीकडं. त्याला मालक म्हणाले, माझी गाडी घे, घरातली आहे, बाहेर कुणाला देऊ. लेकरू इतकं खूश झालं की यांच्या पाया पडलं.

द्यायच्या दोन दिवस आधी गाडी किंचाळायला लागली. या पॅडच्या पत्त्या मोडायच्या राहिल्या होत्या, स्वतःची गाडी म्हणून कोण बघतो. मालकांनी चाक उघडलं. मी बघितलं, पॅड इतका राहिलेला, वहीच्या पुठ्ठ्याएवढा. मी म्हणलं, अहो, नवे बसवून द्या. ते म्हणाले, नवे बसवून दिले तर तो मला दाजी म्हणेल का हमाल? आणि पकड माझ्यापुढं फेकली. मोड. मी म्हणलं, भास्कर बसणार आहे हिच्यात. ते म्हणाले, मग त्याच्याच घरी राहायला जा, बघू त्याची बायको किती दिवस जेवायला घालते. आणि माझ्या हाताकडं बघितलं, तळव्याकडं.

मी मोडली. दोन्ही चाकांच्या मोडल्या. कुणी हात धरून मोडवल्या नाहीत.

भाऊबीजेला भास्कर तीच गाडी घेऊन आला, पुढं झेंडूचा हार, आरशाला लिंबू-मिरची. मी ओवाळलं. पाटावरून उठता उठता म्हणाला, अक्का, तू ऐकलीस ना गाडी येताना, ब्रेक बरे आहेत ना? मालक समोर पानाला चुना लावत बसलेले. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. मी म्हणलं, चालतील अजून. एवढंच बोलले. चालतील अजून.

बारा दिवस चालले. बेगम बाजारातून गुळाच्या भेल्या भरून येत होता, मलकपेठेत रेल्वेच्या पुलाखाली रस्ता खाली उतरतो, तिथं पुढं एक लॉरी थांबलेली. आमची गाडी रडली नाही. उजवा पाय गुडघ्याखाली गेला, ज्या पायानं ब्रेक दाबत होता तोच. दवाखान्यात मालक सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, हौला आहे, येडा, सारखा ब्रेकवर पाय ठेवून चालवतो, पॅड जळतील नाही तर काय. मी शेजारी उभी होते. भास्करनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्या चादरीची घडी सारखी केली.

त्यानंतर तो दर भाऊबीजेला यायचा, कुबडी घेऊन, रिक्षानं. एक वर्ष चुकला नाही. आणि आला की दारातूनच गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा, आमच्या अक्काचा कान म्हणजे कान, अख्ख्या हैदराबादेत असा कान नाही, अक्कानं सांगितलं की मी डोळे मिटून गाडीत बसायचो. लोक कौतुकानं माझ्याकडं बघायचे. मालक मान डोलवायचे. मला वाटायचं किती भोळा माझा भाऊ, किती माया. रडू यायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

मालक गेले. त्यानंतरच्या भाऊबीजेला मी ठरवलं, आता तळवा भाजणारं कुणी नाही. ओवाळून झालं आणि मी सांगितलं, भास्कर, त्या पत्त्या मी मोडल्या होत्या, पॅड संपलेले मला माहीत होते. तो करंजी खात होता. हातातली पूर्ण खाल्ली, पाणी प्याला, मग म्हणाला, माहीत आहे. म्हणाला, मी दवाखान्यात असतानाच आमच्या मलकपेठेच्या मिस्त्रीनं गाडी उघडून पॅड आणून दाखवले होते, पेपरात गुंडाळून. मोडलेली जागा डावीकडं पिळलेली होती, अक्का. दाजी उजव्या हाताचे.

मी म्हणलं, मग इतकी वर्षं येत का राहिलास रे?

तो म्हणाला, तू कधी सांगतेस ते बघायला. दरवर्षी तुला आठवण करून देत होतो, दारातूनच. दाजी असताना नाही, दाजी मेल्यावर बोललीस. आता बोलायला तुला काही मोजावं लागत नाही. माझा पाय स्वस्तात गेला बघ. मग तबकात साडी ठेवली, नेहमीसारखी, कुबडी घेतली आणि म्हणाला, आता माझं ऐकून झालं. पुढच्या वर्षी पाट मांडू नकोस.

मी मांडला तरी. संध्याकाळ झाली, करंज्या झाकून ठेवलेल्या, शेजारीण डोकावून गेली, म्हणाली पिन्नी, म्हणजे मावशी, भाऊ आला नाही का अजून. आपल्याकडं ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं. मी तबक घेऊन गच्चीवर गेले आणि ओवाळलं. भाऊ मलकपेठेत जिवंत, इथून रिक्षाचं अंतर, आणि मी चंद्राला ओवाळते, आता तीन वर्षं झाली.

भास्करच्या मुलानं नवी पिकप घेतली म्हणतात. आमच्या गल्लीतून जाते कधी कधी, आवाजावरून ओळखते मी. परवा गेली तेव्हा किंचाळत होती. पत्ती आहे तिला, कुणी मोडलेली नाही. किंचाळू दे बाई. सुखी राहा सगळे, आणि तुम्हीपण ताई, गाडी घेतलीत कधी तर चाक उघडून डोळ्यांनी बघा, कुणा शहाण्या बाईच्या कानावर जाऊ नका.