हरकाम्या

…नाही, नाही, तीन-तीन लेन्स गळ्यात अडकवून फिरणं तुमच्या कामाचं नाही, ऐका माझं — जरा पुढे या, काउंटरला टेकून उभे राहा, माझा आवाज बसका आहे, लहानपणापासूनचा, लांबच्याला ऐकूच जात नाही — आणि मागे पायरी आहे हां, सगळे तिथेच अडखळतात. तर काय म्हणत होतो? तुम्ही हौशी माणूस. आईला, बायकोला, मुलांना घेऊन सहलीला निघालात. आता डोंगर दिसला की एक लेन्स काढायची, फांदीवर पक्षी दिसला की दुसरी लावायची — तोवर पक्षी थांबणार आहे होय? आणि बदलताना आत धूळ जाते ती वेगळीच. तुम्हाला हवी ही अशी, एकच, अठरा ते दोनशे. अठरावर अख्खी खोली मावते, दोनशेवर समोरच्या इमारतीतल्या बाईच्या हातातल्या कपाचा टवका दिसतो. मी बघत नसतो हो, सांगतोय आपलं.

नवा पीस पुढच्या आठवड्यात येईल, तोवर ही बघा. ही विकायची नाही, माझी आहे, माझ्याच जुन्या कॅमेऱ्याला लावून दाखवायला ठेवलीय. धरा. आधी पट्टा गळ्यात घाला — हं, आता बरोबर. फिरवा ती मोठी रिंग. कशी वाटते? थोडी घट्ट वाटेल, पण हाताला सवय होते. एक खोड आहे या जातीला, आधीच सांगतो, नंतर म्हणू नका दुकानदार लबाड निघाला. कॅमेरा गळ्यात लटकवून चाललात ना, की ही नळी आपल्याच वजनाने हळूहळू खाली घसरते. म्हणून हे लॉक. माझ्याचं सैल झालंय. पण ते फक्त तोंड खाली असलं तरच. आडवी धरलीत, डोळ्याला लावलीत, की केसभर हलणार नाही. रिंग फिरवल्याशिवाय झूम होत नाही म्हणजे नाही, लिहून देतो तुम्हाला. काढा ना, काढा फोटो. त्या घड्याळाचा काढा.

मित्र म्हणाला? बिनझूमची, फिक्स्ड लेन्स घे म्हणाला, आणि पायांनी झूम कर — असंच म्हणाला ना? ओळखलंच मी. हे म्हणणारं एक माणूस आमच्याकडेही होतं. तो बघा घड्याळाखालचा फोटो. माझे भाऊजी. ताईचे यजमान. ताई वरच राहते, तिच्या मशीनचा आवाज येतोय ना, घरर्र घरर्र? दुपारभर शिवण चालू असतं तिचं. तर भाऊजी. दुकान आमच्या वडिलांचं, पण वडील थकले तेव्हा किल्ल्या भाऊजींच्या हातात दिल्या. मी होतो की इथेच. वीस वर्षं होतो. पासपोर्टचे फोटो मी काढायचो, छपाई मी, पार्सलं मी, सकाळी शटर वर आणि केर काढायला मी. असो. वडिलांची मर्जी. आणि भाऊजी हुशार होतेच, खोटं कशाला बोलू? एकच पन्नासची लेन्स, तीही जुनी, आणि फोटो असे की बघत राहावं. झूमचा भारी तिटकारा. ही लेन्स मी हौसेने घेतली, माझ्या पैशांनी, तर भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हातात घेऊन म्हणाले, 'हा हरकाम्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.' लोक हसले. मीही हसलो. मग लेन्सचंही नाव हरकाम्या पडलं आणि माझंही. 'हरकाम्या, लाइट लाव. हरकाम्या, आणि तुझा तो दुसरा हरकाम्या कपाटात टाक.' ताईसुद्धा म्हणायची, लाडाने. तिच्या तोंडून लागायचं नाही.

गेले ना ते. दोन वर्षं झाली. अहो त्या फिक्स्ड लेन्सनेच गेले, म्हणून तर सांगतो सगळ्यांना — येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो मी, एखाद्याचा जीव वाचला तर वाचला. रविवारची सकाळ, घरचे सगळे फिरायला गेलो होतो, एक जुनी दगडाची खाण आहे, बंद पडलेली, वरती मोकळं मैदान, गवत. भाऊजी म्हणाले, सगळ्यांचा एक फोटो काढू. ताई, तिच्या दोन मुली, आमची आई, आणि कडेला मी. आता पन्नासच्या लेन्समध्ये पाच माणसं मावायची म्हणजे मागे जायला हवं. झूमवाला जागेवर उभा राहून रिंग फिरवतो. हे पायांनी झूम करणार! डोळा कॅमेऱ्याला, आणि एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. ऊन आमच्या तोंडावर, सगळ्यांचे डोळे बारीक झालेले, कुणाला काही दिसत नव्हतं. आणि त्यांच्या पाठीमागे कडा. खाली पाणीसुद्धा नव्हतं हो, नुसता दगड.

मी? मी ओरडलो की. 'थांबा' म्हणून जीव तोडून ओरडलो. पण वारा होता, आणि माझा आवाज हा असा. ताईने पाहिलं, माझे ओठ हलताना. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, 'माझा भाऊ ओरडला हो, बिचाऱ्याचा आवाजच पोचला नाही.' मला समोर बसवून जेवायला वाढते आणि म्हणते, तू मनाला लावून घेऊ नकोस. आता तिला माझ्याशिवाय कोण आहे? मुली शिकायला लांब गेल्या, आई गेली. सकाळी उठली की पहिली हाक मला मारते, आहेस ना रे म्हणून…

कुठलं बटण दाबलंत? ते मागचे फोटो बघायचं. नाही, नाही, मागे जाऊ नका, कार्ड जुनंच आहे, घरचे फोटो आहेत — द्या इकडे. हो, तीच खाण. हो, भाऊजीच. मी काढत होतो त्यांचे, ते आमचा काढत होते तेव्हा. मजा म्हणून. पुसले नाहीत, शेवटचे फोटो कुणी पुसतं का? तीनच आहेत. खालचा आकडा? रिंग कितीवर होती त्याचा. पस्तीस. म्हणजे अख्खा माणूस दिसतो. पुढचा नव्वद आहे, कमरेखालचा. तिसरा… दोनशे. हो. नुसते बूट. बूट आणि कडा. बूट नवे होते त्यांचे, म्हणून काढले. छान होते बूट.

मी मुद्दाम फिरवली असं नाही, सरकली असेल हो लेन्स. सांगितलं ना मघाशी, खोड आहे तिला, आपल्या वजनाने घसरते, लॉक सैल — हो, म्हणालो मी, आडवी धरली की केसभर हलत नाही म्हणालो, पण अगदी आडवी नव्हती ना ती, पाय दिसायचे तर जरा खाली वाकवावीच लागते — म्हणजे तसं नाही. पाय बघायचे म्हणून नव्हती वाकवली. अहो तुम्ही नव्हता तिथे! टाचेच्या मागे वीतभर जागा होती, वीतभर, तेवढ्या जागेत माणूस सहज उभा राहतो. आणि मी काय म्हणालो? काहीच नाही. म्हणालो तर एवढंच, की फोटोत माझा हात कापला जातोय. जात होताच. त्यांच्या प्रत्येक फोटोत कडेला हरकाम्या, आणि प्रत्येक फोटोत हरकाम्याचा एक हात बाहेर. काढा अल्बम, दाखवतो. म्हटलं, 'भाऊजी, अजून एक पाऊल.' हळूच म्हटलं. तेवढं मात्र त्यांना ऐकू गेलं.

…हे मी कुणाला सांगत नाही. म्हणजे सांगण्यासारखं त्यात काही नाहीच. तुम्ही लेन्स घ्यायला आलात, लेन्सचं बोलू. ही कशाला, नवीच घ्या, लॉक चांगलं असतं नव्याला. कॅमेरा द्या. असे बघू नका माझ्याकडे. द्या म्हणतो ना, पट्टा काढा गळ्यातला, तो माझा कॅमेरा आहे. कुठे निघालात? समोर बघून चाला, अहो माझ्याकडे तोंड करून मागे-मागे काय जाता, काही करत नाही मी तुम्हाला, मी कुणाला कधी हात लावलेला नाही — थांबा! थांबा! मागे पायरी आहे!

…सावरलात. बरं झालं. दार धरलंत वेळेवर. बाहेर रस्ता आहे, गाड्या भरधाव येतात.

ऐका. काही ऐकू येतंय तुम्हाला? नाही ना? मलाही नाही. मशीन थांबलं.

कॅमेरा ठेवा तिथे स्टुलावर आणि निघा. दुकान बंद आहे. निघा म्हणतो ना, ती जिन्यात आलीय —

काही नाही गं ताई. गिऱ्हाईक होतं. पायरीवरून… नाही, ते नाही ओरडले.

मी, ताई. मीच ओरडलो.