वंदनाबाईंनी शेठना गेटवर उभं केलं

जमलेल्या माय-बापांनो, व्यापारी भावांनो, अन् समोर बसलेले वंदनाबाईंचे यजमान, गौतमभाऊ,

मी दिगंबर. सेलूच्या कापसाच्या जिनिंगचा मॅनेजर. वजनकाट्यावर गाड्यांना ओरडून ओरडून माझा आवाज हा असा फाटका झालाय. जरा सांभाळून घ्या.

बाई अशा अचानक जातील, वाटलं नव्हतं. झटका आला अन् गेल्या. पण मी इथं रडायला आलो न्हाई. मी मिरवायला आलोय. असली बाई आपल्या जिल्ह्यात होती, आपली होती, हे मिरवायला.

काहींना त्यांचं काम ठाऊक नसंल. कुठं तरी दूर बसलेले चोर आपल्या कॉम्प्युटरात शिरतात, समद्या फाइलींना कुलूप घालतात अन् चावीसाठी पैसे मागतात. बाई दुकानांना, मिलांना, दवाखान्यांना असल्या हल्ल्यासाठी आधीच तयार करायच्या. अन् हल्ला झालाच, तर पुन्हा उभं करायच्या.

आधीच म्हणजे कसं? कापसाचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर बाई जिनिंगवर यायच्या, खुर्ची ओढायच्या अन् म्हणायच्या, "दिगंबरराव, समजा आज कॉम्प्युटर मेला. आता चालवा जिनिंग."

मी भडकायचो. म्हणायचो, "बाई, सीझनच्या तोंडावर असं अभद्र बोलू नका!" त्या हसायच्या, वायर काढून हातात धरायच्या अन् चहा मागवायच्या. मग आमी हातानं पावत्या फाडायचो. बॅकअपची डिस्क शेठच्या घरून आणायची, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची, समदं परत येतं का बघायचं. बघून झालं की डिस्क काढून परत शेठच्या कपाटात. ती लावून ठेवली तर चोर तिलाही कुलूप घालतो, हे बाईंनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं.

अन् एका सीझनला कुलूप पडलंच की हो!

ऐन गर्दीत. गेटच्या बाहेर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग, अन् आत पडद्यावर इंग्रजीतून धमकी. आमचे शेठ तिकडं मागच्या रांगेत बसलेत. शेठ, सांगू का पुढचं? बघा, नको म्हणून मान हलवायलेत. तरी सांगतो.

शेठ म्हणाले, "कुणाकडं बोलायचं न्हाई. गेट लावा. काटा बिघडला म्हणून पाटी टांगा."

बाई परभणीहून आल्या. पयले वायरी उपटल्या. मग विचारलं, "शेठजी, कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाच न्हाई, बाई. इज्जतीचा सवाल हाय. बाजारात नाव जाईल, कापूस दुसरीकडं वळंल."

माणूस खोटं बोलत नव्हता बरं का. जिनिंगची पत म्हणजेच जिनिंग. ती गेली तर पन्नास घरांच्या चुली थंड. माझी पण त्यातच.

बाई म्हणाल्या, "तुमचे अकाउंटंट अजून दोन जिनिंगचं काम बघतात. त्यांच्या कॉम्प्युटरातनं हे आलं असंल, तर ते तिथं पण घुसायलाय. आत्ता, आपण बोलायलोत तवर."

मग बाई जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, "मी येलदरीची. धरणावर वाढलेली पोरगी. पाणी सोडायचं म्हणलं की खालच्या गावांना आधी कळवायचं, एवढं आमाला लहानपणापासून कळतं. कळवायची कसली आलीय लाज?"

अन् काय सांगू तुमाला! आमचे शेठ, ज्यांनी आयुष्यात कुणापुढं मान तुकवली न्हाई, ते गेटवर जाऊन उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "बाबांनो, आमच्यावर चोरांनी हल्ला केलाय. कॉम्प्युटर बंद हाय. कुणाचं वजन बुडणार न्हाई."

मला वाटलं, आता गाड्या वळतात. रांगेतून एक म्हातारबा ओरडले, "मग हातानं लिहा की शेठ! आमचे बाप काय कॉम्प्युटरवर कापूस इकत व्हते का?"

रांग हसली. शेठ पण हसले. एक गाडी हलली न्हाई, सांगतो!

दुसऱ्या दोन जिनिंगला शेठनी स्वतः फोन लावले. दोघांशी हाडवैर, तरी लावले. एकाचं वाचलं. एकाचं थोडं गेलं, पण बुडाला न्हाई. आमचं कपाटातल्या डिस्कवरून परत उभं राहिलं. चोरांना आमी दमडी दिली न्हाई. त्या वर्षीपास्नं शेठची पत वाढलीच, घटली न्हाई.

हे बाईंचं खरं काम. डिस्का-बिस्का शिकवणारे लय भेटतील. आमच्यासारख्या अकडू लोकांना चारचौघांत "आमाला मारलं" म्हणायला शिकवणं, हे कुणाला जमलं असतं? मला अभिमान हाय त्यांचा. लय अभिमान हाय.

आता एक गोष्ट. आल्यापास्नं दोघा-चौघांनी मला दबक्या आवाजात विचारलं, "लेक कुठंय? आईच्या सभेला लेक न्हाई?"

प्रज्ञा आईसोबतच काम करती, ठाऊक हाय तुमाला. आज सकाळी आपल्या व्यापारी ग्रुपवर गंगाखेडच्या एका दालमिलवाल्यानं स्वतः लिहिलं, "आमच्यावर हल्ला झालाय. आमच्याशी कॉम्प्युटरनं जोडलेल्यांनी आपापल्या वायरी काढा." लपवलं न्हाई. वाट बघितली न्हाई. त्यानं प्रज्ञाला फोन पण केला न्हाई, घरात दुःख हाय म्हणून. पोरीनं ग्रुपवर वाचलं अन् बापाकडं बघितलं. म्हणाली, "पप्पा, सभा?"

गौतमभाऊ म्हणाले, "सभेला आमी हाव. तू जा."

ती तिथं हाय. सकाळपास्नं तिथंच हाय.

वंदनाबाई, तुमाला माझा जयभीम. चला, समदे उभं राहू. दोन मिनिटं शांत. फोन मात्र कुणी बंद करू नका. वाजला तर उचला, पोरीला काही लागत असंल.