जिनिंगमधला कम्प्युटर

हिंगणघाट-वर्धा बसमध्ये पुढच्या सीटवर एक काका मांडीवर जुना कम्प्युटर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं,

"भंगारात देता का, भाऊ?"

"नाई ताई, भंगारातूनच आणला. दुरुस्त करतो."

"मंग इकता?"

"नाई. घरी ठेवतो. शौक हाय. इतक्या वर्सानं स्क्रीन उजळली का, पेशंट शुद्धीवर आल्यावानी वाटते."

"लय चिकाटी हाय तुमची. काय बिघडलं याचं?"

"आत रुई भरली. ब्रशानं हळूहळू काढा लागते. नदीकाठच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला हाय ना."

"तिथं? तिथंच कामाले होती मी. आमच्याच हातची असन ते रुई."

"मंग फेकत नाई, ताई. शिशीत ठेवतो."

"आना इकडं. वर्ध्यापर्यंत माह्या मांडीवर राहू द्या."