उत्तर आल्याशिवाय पुढचा चेंडू नाही

...आणि पुन्हा तेच! बायको गेली म्हणून सांत्वनाला येता ना, मग या, चहा घ्या, पण दारात पाऊल पडायच्या आत तेच वाक्य... "क्लिफर्ड, सिक्सर बसला रे तुला!" तुम्हाला सांगतो, आमच्या यॉर्कशायरात माणसाची बायको मरो, नोकरी जावो की छप्पर उडो, सगळ्याला एकच बोलणं... सिक्सर बसला! खाटीक मटण तोडता तोडता तेच म्हणाला. पाद्री, देवाचा माणूस, त्याला तरी बायबलातलं काही सुचावं? तोही माझा हात दाबून, हळू आवाजात, "जबर सिक्सर बसला हो, क्लिफर्ड..." शेजारची हेबडेनबाई ॲपल पाय भाजून घेऊन आली, तर म्हणे, "दोन घास खा, सिक्सर बसलाय तुम्हाला!"

अहो, मी पंच! उभा जन्म गावच्या मैदानावर गेला, मला सिक्सर शिकवता? सिक्सर बसला की चेंडू कुंपणापलीकडे काट्याकुट्यात पडतो, कुणीतरी शोधतो, विजारीला पुसतो, की खेळ सुरू! माझंही तेच करायचं होतं ना सगळ्यांना... शोधा, पुसा, फेका मैदानात.

"शनिवारी मोसमातला पहिला सामना आहे, काका," आमचा कप्तान डंकन म्हणाला. "घरात बसून काय करणार?" गेलो. मनाशी ठरवून गेलो, हा सामना निभावला तर ठीक, नाहीतर पंचाचा पांढरा कोट एनिडच्या कपड्यांबरोबर चर्चला देऊन टाकायचा.

एनिड, माझी बायको, क्लबची गुणलेखक. मैदानाच्या कडेच्या लाकडी खोलीत बसायची. आता नियम असा, की पंचानं खूण केली की गुणलेखकानं हात वर करून उत्तर द्यायचं, त्याशिवाय पुढचा चेंडू नाही! घरी आमचं बोलणं बेताचंच हो, पण मैदानात मी हात केला आणि तिनं उत्तर दिलं नाही... असं कधी झालं नाही.

तर पाहुण्यांच्या एका दांडगटानं हाणला सिक्सर. मी दोन्ही हात वर केले, तोंड खोलीकडे. उत्तर नाही! नवी गुणलेखक, डंकनची मेहुणी, चहाचं बघायला गेलेली! मी उभा. चेंडू सापडला, पुसला, परत आला. मी उभाच!

"काका, हात खाली घ्या!"

"उत्तर येऊ दे."

"अहो, सगळ्या गावानं बघितला सिक्सर!"

"गावाचं उत्तर चालत नाही, डंकन. नियम आहे."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. गोलंदाज जवळ आला, हळूच म्हणाला, "काका... टाकू का?"

खोलीची खिडकी रिकामी. किती वेळ उभं राहणार? घेतले हात खाली. "टाक बाबा," म्हटलं, "उत्तर काही येत नाही."

आणि तुम्हाला सांगतो, त्या मेल्यानं पुढच्याच चेंडूवर पुन्हा सिक्सर हाणला!

काय करता... केले हात वर.