जिन्यातून घरी

भूकंपाला तीन आठवडे झाले होते. जपानात, उरायासूच्या बसच्या रांगेत माझ्यामागे दोघी मराठीत बोलत होत्या.

"यामिनी बोलली? कधी गं?"

"काल! भूकंपापासून पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी शेजारची आसेन्ला म्हणाली, माणूस घाबरतो तिथंच त्याचा जीव राहतो. हाक मारून घरी आणायचा. तिच्या आजीचं सांगणं."

"नागालँडची ना ती? चर्चला जाते की!"

"जाते. तरी आली. भूकंपात ती शाळेच्या ज्या जिन्यात होती, तिथं उभ्या राहिलो, 'यामिनी, घरी चल' म्हणून हाका मारल्या. परतताना मागं बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही."

"आणि यामिनी?"

"घरात, बाबांजवळ. आम्ही दार उघडलं, तर तीच म्हणाली, 'तादाइमा', म्हणजे 'मी घरी आले'."

"अगं, पण ती तर घरातच होती!"

"हो ना. मी म्हटलं, ये बाळा."